उंबरठ्याचे गणित मांडणारा शास्त्रज्ञ : स्वांते अऱ्हेनियस

वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की त्याची बातमी राज्यभर होते. अमरावतीही फार मागे राहत नाही. उन्हाचा चटका जसा माणसाला बसतो तसा तो पदार्थांनाही बसतो, ही गोष्ट वऱ्हाडातील घराघरांतील स्त्रियांना पुस्तकावाचून ठाऊक असते. पौषातल्या रात्री लावलेले विरजण सकाळी उशिरापर्यंत पातळच राहते. वैशाखात तेच दही दुपारच्या आत आंबट होते. सकाळचे वरण संध्याकाळपर्यंत टिकत नाही. उलट कुकरमध्ये पाण्याचे तापमान शंभर अंशांच्या वर चढते म्हणून तीच तुरीची डाळ उघड्या पातेल्यापेक्षा कितीतरी लवकर शिजते.

उष्णतेने पदार्थांतील बदल वेगाने होतात, हे ज्ञान मानवाइतकेच जुने आहे. परंतु किती अंशांनी किती वेग वाढतो, आणि तो तसाच का वाढतो, या प्रश्नाचे उत्तर एका सुटसुटीत गणिती समीकरणात बसविण्याचे श्रेय एका स्वीडिश शास्त्रज्ञाकडे जाते. त्याचे नाव स्वांते अऱ्हेनियस. बारावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात हे नाव प्रत्येक विद्यार्थ्याला भेटते. परीक्षेत त्यावर उदाहरण येते आणि परीक्षेनंतर नाव विस्मरणात जाते. समीकरण भेटते, माणूस भेटत नाही. आमच्या शाळेच्या या स्मरणिकेत त्या माणसाचे चरित्र द्यावे असे आम्हांस वाटले, याला दोन कारणे आहेत. विद्वानांनी जवळजवळ नापास केलेला हा तरुण जगन्मान्य कसा झाला, हे आमच्या मुलामुलींनी वाचावे, हे पहिले कारण. दुसरे कारण या कथेच्या उत्तरार्धात आहे. तो उत्तरार्ध बहुतेक चरित्रांत दोन ओळींत उरकला जातो. आम्हांस मात्र तो उरकता येणार नाही.

अऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधील उप्साला नगराजवळच्या विक या गावी झाला. वडील जमीनमोजणीचे काम करीत आणि विक येथील जहागिरीचा कारभार पाहत. मुलाच्या जन्मानंतर वर्षभरातच कुटुंब उप्सालाला आले. हा मुलगा तिसऱ्या वर्षी आपला आपण वाचायला शिकला, आणि वडिलांच्या हिशेबाच्या वह्यांतील आकडे पाहता पाहता बेरजा-वजाबाक्या करू लागला, असे त्याच्याविषयी सांगतात. आठव्या वर्षी तो तेथील कॅथेड्रल शाळेत एकदम पाचव्या इयत्तेत बसला. १८७६ मध्ये तो शाळेतून बाहेर पडला तेव्हा त्या तुकडीतील सर्वांत लहान आणि सर्वांत हुशार विद्यार्थी तोच होता.

येथे एक गोष्ट नमूद करावयास हवी. हा मुलगा बुद्धिमान होता यात शंका नाही. पण त्याच्या घरात हिशेबाच्या वह्या होत्या, दारापाशी विद्यापीठ होते आणि शाळेचे दार त्याच्यासाठी उघडे होते. ज्या काळात स्वांते कॅथेड्रल शाळेत शिकत होता, त्याच काळात आपल्या वऱ्हाडात आमच्या पूर्वजांची मुले गावकुसाबाहेर होती आणि पाटी-लेखणी त्यांच्या हाती नव्हती. बुद्धीला संधीची जोड मिळाली म्हणजे काय घडते, याचे अऱ्हेनियस हे उदाहरण आहे. ही जोड नाकारली गेल्याने काय घडले नाही, याची मोजदाद कोणत्याही इतिहासात सापडत नाही.

उप्साला विद्यापीठात अऱ्हेनियस यांनी गणित, रसायन आणि भौतिकी हे विषय घेतले. तेथील रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्लेव्ह आणि भौतिकीचे प्राध्यापक थालेन हे दोघेही नामवंत. परंतु अऱ्हेनियस यांच्या मनातील प्रश्न या दोघांच्या विषयांच्या सीमेवर पडत होते. १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला गेले आणि विज्ञान अकादमीतील एडलुंड यांच्या हाताखाली काम करू लागले. मीठ, आम्ल किंवा अल्क पाण्यात विरघळविले की त्या द्रावणातून वीज वाहते. ती कशी वाहते, हा त्यांचा विषय होता. वीज सोडण्याच्या आधीच द्रावणातील काही रेणू धन आणि ऋण भाराच्या कणांत फुटलेले असले पाहिजेत, या विचाराकडे ते वळले. या विषयावर सुमारे १५० पानांचा प्रबंध त्यांनी फ्रेंच भाषेत लिहिला आणि १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केला.

परीक्षकांना हा प्रबंध पटला नाही. ज्या काळात मिठाच्या रेणूचे दोन भाग पाण्यात मोकळे हिंडतात ही कल्पनाच विचित्र वाटत असे, त्या काळात एका पंचविशीच्या तरुणाने तिच्यावर डॉक्टरेट मागावी हे त्यांना रुचले नसावे. प्रबंधाला चौथी श्रेणी मिळाली. तोंडी परीक्षेत त्यांनी तो समर्थपणे मांडल्यामुळे तेथे तिसरी श्रेणी मिळाली. पदवी हाती आली, पण विद्यापीठात अध्यापनाची जागा मिळण्यास ही श्रेणी पुरेशी नव्हती. नापास न करताही माणसाला दाराबाहेर ठेवण्याची ही एक पद्धत असते. आमच्या समाजातील ज्या माजी विद्यार्थ्यांनी मुलाखतीच्या खोल्यांतून असे अनुभव घेतले आहेत, त्यांना ती अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

अऱ्हेनियस स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी प्रबंधाच्या प्रती युरोपातील थोर शास्त्रज्ञांना पाठविल्या. त्यांत बॉनचे क्लॉसियस होते, ॲमस्टरडॅमचे व्हान्ट हॉफ होते आणि रिगाचे विल्हेल्म ओस्टवाल्ड होते. ओस्टवाल्ड यांना या तरुणाच्या विचाराचे मोल एकदम कळले. ते १८८४ च्या ऑगस्टमध्ये स्वतः उप्सालाला आले आणि त्यांनी अऱ्हेनियस यांना आपल्याकडे येण्याचा आग्रह केला. परदेशातील एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्या चौथ्या श्रेणीच्या विद्यार्थ्याला भेटायला येतो, हे पाहून उप्सालाच्या विद्वानांचे मत बदलले. वडील आजारी असल्याने अऱ्हेनियस यांना लगेच देश सोडता आला नाही. पण त्याच वर्षी त्यांना उप्सालात भौतिकी रसायनाच्या अध्यापनाचे पद मिळाले. वडिलांच्या निधनानंतर, १८८६ मध्ये, अकादमीच्या प्रवास-शिष्यवृत्तीवर ते बाहेर पडले आणि ओस्टवाल्ड, कोलराउश, बोल्ट्झमन व व्हान्ट हॉफ यांच्या प्रयोगशाळांत त्यांनी काम केले. १८८७ मध्ये त्यांचा विद्युत-विघटनाचा सिद्धांत पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. शिष्यवृत्तीने माणूस घराबाहेर पडतो, बाहेर पडल्याने त्याला तोलामोलाची माणसे भेटतात, आणि त्यांतून त्याच्या बुद्धीला धार येते. न्यूयॉर्क आणि लंडनच्या वाटेने गेलेल्या बाबासाहेबांच्या अनुयायांना हा क्रम परका नाही.

या प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यावर, १८८९ मध्ये, अऱ्हेनियस यांनी तो लेख लिहिला ज्यासाठी आज बारावीचा विद्यार्थी त्यांना ओळखतो. विषय अगदी साधा होता. उसाची साखर पाण्यात विरघळवून त्यात थोडे आम्ल घातले की तिचे हळूहळू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन साध्या साखरांत रूपांतर होते. या अभिक्रियेचा वेग जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्मी यांनी १८५० मध्येच मोजला होता. द्रावण गरम केले की हा वेग झपाट्याने वाढतो, हेही माहीत होते. दहा अंश तापमान वाढले तर या अभिक्रियेचा वेग सुमारे चौपट होतो. प्रश्न होता तो कारणाचा.

सहज सुचणारे उत्तर असे की उष्णतेने रेणू अधिक वेगाने धावतात, एकमेकांवर अधिक वेळा आदळतात आणि म्हणून अभिक्रिया वेगाने होते. परंतु हिशेब करून पाहिला तर हे उत्तर टिकत नाही. तापमान २५ अंशांवरून ३५ अंशांवर नेले तर रेणूंचा सरासरी वेग दोन टक्क्यांनीही वाढत नाही. दोन टक्क्यांच्या कारणाने चौपट परिणाम कसा होईल? अऱ्हेनियस यांनी असे मानले की साखरेचे सर्व रेणू कोणत्याही क्षणी अभिक्रियेस तयार नसतात. त्यांतील अत्यंत थोडे रेणू सक्रिय अवस्थेत असतात आणि तेच बदलतात. साध्या अवस्थेतून सक्रिय अवस्थेत जाण्यासाठी रेणूला काही ऊर्जा मिळवावी लागते. तापमान वाढविल्याने सगळ्यांचा वेग थोडा वाढतो हे खरे, पण महत्त्वाचे म्हणजे सक्रिय रेणूंची संख्या कित्येक पटींनी वाढते.

या किमान ऊर्जेला आज आपण सक्रियण ऊर्जा म्हणतो. वऱ्हाडातील वाचकाला ती समजण्यास जिनिंगच्या आवारातील कापसाची गंजी पुरे. गंजीभोवती हवा असते, हवेत ऑक्सिजन असतो, आणि कापूस व ऑक्सिजन यांचा संयोग झाला तर पुष्कळ उष्णता बाहेर पडते. तरी गंजी महिनोन् महिने तशीच उभी राहते. दोघांच्या मध्ये एक उंबरठा आहे. नेहमीच्या तापमानाला तो ओलांडण्याइतकी ऊर्जा जवळजवळ कोणत्याच रेणूपाशी नसते. एक ठिणगी पडली की त्या जागचे थोडे रेणू उंबरठा ओलांडतात, त्यांच्यातून निघालेली उष्णता शेजारच्या रेणूंना वर उचलते, आणि बघता बघता सारी गंजी पेटते. म्हणून तर जिनिंगच्या आवारात विडी-काडीला सक्त बंदी असते.

समीकरण असे आहे :

क = अ × ई^(−स ÷ (र × त))

येथे क म्हणजे अभिक्रियेचा वेग-स्थिरांक. स म्हणजे सक्रियण ऊर्जा. ती ज्यूल प्रति मोल या एककात मोजतात. त म्हणजे निरपेक्ष तापमान, अर्थात सेल्सियसमधील अंशांत २७३ मिळविले असता येणारा आकडा. र हा वायू-स्थिरांक असून त्याचे मूल्य ८.३१४ आहे. ई ही गणितातील सुमारे २.७१८ ही संख्या, आणि तिच्या डोक्यावरील घातांक ऋण आहे. अ हा प्रत्येक अभिक्रियेचा आपला आकडा. रेणू किती वेळा आणि कोणत्या बाजूने एकमेकांना भिडतात यावर तो अवलंबून असतो, असे पुढील काळातील शास्त्रज्ञांनी दाखविले.

तापमान या सूत्रात घातांकाच्या छेदस्थानी बसले आहे, आणि सारी किमया तेथेच आहे. एक उदाहरण घेऊ. एखाद्या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा ५०,००० ज्यूल प्रति मोल आहे असे समजा. २५ अंश सेल्सियसला, म्हणजे हिवाळ्यातील अकोल्याच्या सुखद दुपारी, ई चा तो घात काढला तर सुमारे ५८ कोटींतील एक एवढा अंश येतो. उंबरठा ओलांडण्याची ऊर्जा ५८ कोटींत एकापाशी! आता तापमान ४५ अंश करू, म्हणजे मे महिन्यातील दुपार. तोच अंश सुमारे १६ कोटींतील एक होतो. निरपेक्ष मापाने तापमान २९८ वरून ३१८ झाले. वाढ सात टक्क्यांच्या आत. अभिक्रियेचा वेग मात्र साडेतीन पटींवर गेला. औषधाच्या बाटलीवर थंड जागी ठेवण्याची सूचना का छापतात, आणि लसी शीतपेटीतून का नेतात, हे या एका उदाहरणावरून कळावे.

हे सूत्र वापरण्याची एक सोपी रीतही आहे. दोन्ही बाजूंचे नैसर्गिक लॉगॅरिदम घेतले, आणि आलेखाच्या एका अक्षावर वेग-स्थिरांकाचे लॉगॅरिदम व दुसऱ्या अक्षावर एक भागिले निरपेक्ष तापमान मांडले, तर बिंदू सरळ रेषेवर येतात. रेषा उतरती असते. तिच्या चढाचा आकडा उणे स भागिले र एवढा असतो. म्हणजे निरनिराळ्या तापमानांना केवळ घड्याळ लावून वेग मोजला, की डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या उंबरठ्याची उंची कागदावर मोजता येते. सजीवांच्या बाबतीत मात्र मर्यादा लक्षात ठेवावी लागते. विरजणातील जीवाणू आणि शरीरातील विकरे एका तापमानापर्यंतच साथ देतात; त्यापुढे ती बिघडतात आणि वेग वाढण्याऐवजी कोसळतो.

या सिद्धांतातील एक सूक्ष्म गोष्ट आम्ही वाचकांच्या मनावर विशेष ठसवू इच्छितो, कारण पुढे तिची गरज पडणार आहे. अऱ्हेनियस यांचे सक्रिय रेणू ही साखरेची निराळी जात नव्हे. साधा रेणू आणि सक्रिय रेणू एकाच साखरेचे. धडकांमध्ये ऊर्जा हातोहात फिरत असते. या क्षणी जो मागे आहे तो पुढच्या क्षणी उंबरठ्यापलीकडे असू शकतो, आणि जो वर आहे तो खाली येऊ शकतो. जन्माने सक्रिय असा रेणू नाही. परिस्थितीत ऊब वाढली की ओलांडणाऱ्यांची संख्या वाढते. एवढेच सूत्र सांगते.

पुढील जीवनात मानसन्मान येत गेले, तरी वाट सरळ नव्हती. १८९१ मध्ये अऱ्हेनियस स्टॉकहोमच्या उच्च विद्यालयात अधिव्याख्याते झाले. १८९५ मध्ये मोठ्या विरोधातून तेथेच प्राध्यापक आणि पुढे कुलगुरू झाले. १९०१ मध्ये विज्ञान अकादमीवर त्यांची निवड झाली, तीही विरोध मोडूनच. १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिक ज्या विचारासाठी मिळाले तो त्याच चौथ्या श्रेणीच्या प्रबंधात उगवलेला होता, आणि रसायनाच्या नोबेल समितीच्या अध्यक्षपदी तेव्हा उप्सालाचे तेच प्राध्यापक क्लेव्ह होते. १९०५ पासून अखेरपर्यंत अऱ्हेनियस स्टॉकहोम येथील भौतिकी रसायनाच्या नोबेल संस्थेचे संचालक राहिले.

त्यांचे आणखी एक कार्य आज वऱ्हाडातील शेतकऱ्यालाही जवळचे वाटेल. १८९६ मध्ये त्यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड आणि पृथ्वीचे तापमान यांच्या संबंधाचा हिशेब प्रसिद्ध केला. यंत्राची मदत नसताना, कागद-पेन्सिलीने त्यांनी असंख्य आकडेमोडी केल्या, आणि हवेतील हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी पाच ते सहा अंशांनी तापेल असे अनुमान काढले. आजचे शास्त्रज्ञ हा आकडा तीन अंशांच्या आसपास मानतात. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीचा अंदाज दिशेने अचूक होता. मात्र अशी ऊब मानवजातीला हितकारक ठरेल असे अऱ्हेनियस यांना वाटे. बर्फाळ देशात राहणाऱ्या माणसाला ते स्वाभाविक होते. भर उन्हात रस्त्याच्या कामावर डांबर ओतणाऱ्या मजुराचा विचार त्या हिशेबात नव्हता.

आता उत्तरार्धाकडे वळू. ज्याला उंबरठ्यावर अडविले गेले तो अधिकारपदावर गेल्यावर स्वतः कसा वागला, हा प्रश्न आम्ही इतिहासाचे विद्यार्थी म्हणून विचारलाच पाहिजे. नोबेल समित्यांवर अऱ्हेनियस यांचे मोठे वजन होते. रशियाचे मेंडेलीव्ह यांना पारितोषिक मिळू नये आणि जर्मनीचे नेर्न्स्ट यांना ते लांबणीवर पडावे यासाठी त्यांनी वजन वापरले, असे या पारितोषिकांचे इतिहासकार सांगतात. मेंडेलीव्ह पारितोषिकावाचून वारले. हे झाले विद्वानांमधील हेवेदावे. ते सर्वत्र आढळतात.

पण दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. १९०९ मध्ये स्वीडनमध्ये वंशशुद्धीचा पुरस्कार करणारी एक संस्था स्थापन झाली. अऱ्हेनियस तिच्या संचालक मंडळावर होते. १९२२ मध्ये उप्साला येथे वंशजीवशास्त्राची सरकारी संस्था उभी राहिली. तिच्या स्थापनेसाठी झटणाऱ्या नामवंत शास्त्रज्ञांत ते होते आणि तिच्याही मंडळावर ते बसले. कवट्यांची मापे, डोळ्यांचे रंग, केसांचे रंग यांच्या नोंदी करून माणसांत उच्च आणि हीन वंश ठरविणे हे या संस्थेचे काम. अशा विचारांच्या वातावरणातूनच स्वीडनमध्ये १९३४ आणि १९४१ चे नसबंदीचे कायदे आले आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे ६३,००० नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी पुष्कळ दबावाखाली किंवा सक्तीने झाल्या, आणि त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. कायदे झाले तेव्हा अऱ्हेनियस हयात नव्हते. तरीही त्या विचाराला शास्त्राची प्रतिष्ठा देणाऱ्यांत त्यांचे नाव होते, हे नाकारता येत नाही.

त्या काळी पुष्कळ शिकलेले लोक असाच विचार करीत, असे म्हणून हा भाग झाकण्याची प्रथा आहे. आम्हांस ती मान्य नाही. ज्या समाजाने जन्मावरून माणसाची उंची ठरविणारी व्यवस्था हजारो वर्षे अंगावर सोसली, त्याच्या शाळेत ही सवलत देता येणार नाही. शिवाय त्याच काळात वेगळा विचार करणारेही होते. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातींच्या उगमावर निबंध वाचला, आणि १९३६ मध्ये जातिनिर्मूलनावरील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात वंशशुद्धीच्या नावाने जातीचे समर्थन करणाऱ्यांचा त्यांनी सविस्तर समाचार घेतला. जाती म्हणजे वंश नव्हेत, एकाच वंशाच्या लोकांची ती सामाजिक वाटणी आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष काढण्यासाठी त्यांना स्वीडनच्या प्रयोगशाळेची गरज पडली नाही. पुरावा तपासण्याची शिस्त पुरेशी झाली.

आणि याच ठिकाणी साखरेच्या रेणूंची आठवण येते. ज्या शास्त्रज्ञाने साध्या आणि सक्रिय रेणूंत जातीचा भेद मानला नाही, परिस्थितीची ऊब वाढली की कोणताही रेणू उंबरठा ओलांडू शकतो असे ज्याचे समीकरण सांगते, त्यानेच माणसांच्या बाबतीत जन्माने ठरलेल्या पायऱ्या स्वीकाराव्यात! रेणू आणि माणूस यांची तुलना फार ताणू नये, हे आम्ही जाणतो. माणसाच्या न्यायासाठी रसायनाचा दाखला लागत नाही. परंतु रेणूंविषयी बोलताना जो पुरावा मागतो त्याने माणसांविषयी बोलतानाही पुरावा मागितला पाहिजे, एवढी अपेक्षा रास्त आहे. अऱ्हेनियस यांच्या ठायी प्रज्ञा मोठी होती. बाबासाहेबांनी प्रज्ञेच्या जोडीला शील आणि करुणा यांचा आग्रह का धरला, हे अशा चरित्रांवरून उमगते. तथागतांनी कालामांना दिलेला उपदेशही हाच होता : मोठ्या माणसाने सांगितले म्हणून काही स्वीकारू नये, तपासून हितकारक ठरेल ते घ्यावे. अऱ्हेनियस यांचे समीकरण सव्वाशेहून अधिक वर्षे प्रयोगांत तपासले गेले आणि टिकले. म्हणून आम्ही ते शिकवितो. त्यांचा वंशविचार तपासणीत टिकला नाही. म्हणून तो टाकावयाचा, आणि का टाकला हेही मुलांना सांगावयाचे.

अऱ्हेनियस यांचे निधन २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे झाले. उप्सालाच्या भूमीत त्यांना पुरण्यात आले. आमच्या इतिहासात १९२७ हे वर्ष फार मोठे आहे. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी ओंजळीत घेतले. त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब अमरावतीस आले आणि अंबादेवीच्या मंदिराचा उंबरठा अस्पृश्यांसाठी खुला व्हावा म्हणून भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. एका खंडात जन्मावरून माणसाची प्रतवारी लावणारी सरकारी संस्था काम करीत होती, आणि दुसऱ्या खंडात जन्माची प्रतवारी मोडण्यासाठी अनवाणी माणसे चालत होती. पुढे जगाला कोणता विचार मान्य करावा लागला, हे भारताच्या संविधानात लिहिलेले आहे.

आमच्या विज्ञानशिक्षकांना एक विनंती करून हा लेख संपवितो. सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घातले की द्रावण हळूहळू गढूळ होते आणि चंचुपात्राखालच्या कागदावर काढलेली फुली दिसेनाशी होते. हा प्रयोग डिसेंबरात एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा, तेवढ्याच मापाने करावा. विद्यार्थ्यांनी घड्याळ लावून सेकंद मोजावेत, थर्मामीटरवरील आकडे लिहावेत आणि आलेख काढावा. निवासी शाळेत मुले दोन्ही ऋतूंत हाताशी असतात, त्यामुळे हे सहज होण्याजोगे आहे. आलेखावर रेषा उमटली की समीकरण ज्याने मांडले त्याचे नाव सांगावे, त्याची चौथी श्रेणी सांगावी, त्याचे नोबेल सांगावे, आणि उप्सालाच्या त्या संस्थेविषयीही सांगावे. आमची मुले चौदा-पंधरा वर्षांची असली तरी हे सारे ऐकण्याइतकी जाणती आहेत.